सरांची रेघ

"ताण वं पोरी, ताण. ढिली नको सोडू."

दोरीचं एक टोक गोलच्या खांबाशी दाबून बसलेली एखादी खेळाडू, आणि दुसऱ्या टोकाला अंगाचा सगळा भार मागे टाकून उभे असलेले सर. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीचा डबा. मी त्यांना बरीच वर्षं, दर हंगामात असंच पाहिलं. तुमच्याही शहरात असा एक माणूस असेल. खेळ कोणताही असो, त्या खेळाची संघटना म्हणजे तो माणूस आणि त्याच्या गाडीची डिक्की.

सर एका शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक आणि आमच्या विभागाच्या हॉकी संघटनेचे सचिव. संघटनेचा शिक्का, कोरे लेटरहेड, शिट्टी आणि ती सुती दोरी, सगळं त्यांच्या स्कूटरच्या डिक्कीत असे. मी अमरावतीच्या एका दैनिकात क्रीडा पान पाहत होतो. त्यामुळे आमची गाठ पडणं अटळ होतं. ती रोज पडे, फोनवर.

"भाऊ, दोन ओळी टाका."

या दोन ओळींनी मला जेवढा मनस्ताप दिला तेवढा निवडणुकीच्या निकालांनीही दिला नाही. सर संघाची यादी सांगत ती अशी: पिंकी, छोटी पिंकी, गोलकीपर, गोलकीपरची बहीण. आडनावं विचारली की म्हणत, "आडनावं काय करता भाऊ? पोरी वळखतात एकमेकीले." एकदा त्यांनी स्पर्धेच्या उद्घाटनाची बातमी आदल्या दिवशीच दिली, 'उत्साहात पार पडले' या शब्दांसह. ती छापून आली. उद्घाटन झालंच नव्हतं. मला संपादकांसमोर उभं राहावं लागलं. सरांना जाब विचारला तर म्हणाले, "होणारच होतं नं भाऊ. मैदानावर अचानक प्रदर्शनी लागली, त्यात माहं काय?"

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. इतक्या वर्षांच्या फोनांत त्यांनी स्वतःचं नाव छापायला एकदाही सांगितलं नव्हतं.

आता दोरीविषयी सांगायला हवं. हॉकीत गोलसमोर अर्धवर्तुळासारखी एक रेघ असते. तिच्या आतल्या जागेला डी म्हणतात. गोल डीच्या आतूनच मारावा लागतो. बाहेरून मारलेला चेंडू थेट गोलमध्ये गेला तरी तो गोल नाही. ही रेघ गोलपासून किती दूर असावी याचं माप ठरलेलं आहे आणि जगभर ती टेपनं मोजतात. आमच्याकडे दोरीनं मोजत. याचं कारण अमरावती आणि अकोला.

संघटनेत ही दोन शहरं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. अकोल्याचे लोक बैठकीला अमरावतीला येत नाहीत, अमरावतीचे अकोल्याला जात नाहीत. म्हणून बैठका मूर्तिजापूरला होतात, रेल्वे स्टेशनवर, कारण ते मधे पडतं. मूर्तिजापुरात मला हॉकीची एक काठी कधी दिसली नाही. तरीही आमच्या हॉकीचे सगळे निर्णय तिथल्या फलाटावर, चहाच्या स्टॉलशेजारी झाले. सर इतिवृत्त घरूनच लिहून आणत. त्यात 'खेळीमेळीच्या वातावरणात' हे शब्द असत.

अशाच एका जुन्या बैठकीत अकोल्याचे सहसचिव, ज्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे आणि ज्यांना सगळे शेठ म्हणतात, त्यांनी आरोप केला होता की अमरावतीवाले डी आपल्या सोयीनं आखतात.

"टेप तुमचा, मोजणार तुमी. आमी काय, नुसतं पाहाचं?"

"मंग तुमचा टेप आणा," सर म्हणाले.

"अन् तुमी तो मानसान?"

"नाई मानणार."

शेवटी ठराव झाला. सर्वांदेखत फलाटावरच एक दोरी बरोबर मापाची कापायची आणि दोन्ही शहरांची मैदानं त्याच दोरीनं आखायची. मी विचारलं, "दोन्हीकडे एकाच कंपनीचा टेप घेतला तर?" सगळ्यांनी माझ्याकडे बाहेरच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. त्या दिवसापासून आखणीबद्दल काहीही शंका काढली की सरांचं उत्तर ठरलेलं असे. "दोरी हाय नं आपल्यापाशी." दोन शहरांचा एकमेकांवर नव्हता एवढा विश्वास त्या दोरीवर होता.

मी सांगतोय ते वर्ष मयूरीचं. मयूरी चांदूर बाजारजवळच्या एका भाजीवाल्या कुटुंबातली मुलगी, अमरावतीला शिकायला आलेली, आमच्या मुलींच्या संघाची सेंटर फॉरवर्ड. ज्युनिअर गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: यंदा राज्याच्या शिबिरात निवड झाली तर खेळ, नाहीतर अमरावतीची खोली सोडायची आणि घरच्या कामाला लागायचं. शिबिरासाठीची निवड राज्य स्पर्धेतल्या खेळावरून होणार होती.

ते वर्ष संघटनेनं नेहमीप्रमाणे वाया घालवायचा पूर्ण प्रयत्न केला. त्या स्पर्धेसाठी संघाची निवड चाचणी कुठे घ्यायची यावर मूर्तिजापूरला तीन बैठका झाल्या.

"अकोल्याच्या उन्हात पोरी भाजाच्या हायेत काय?" सर म्हणाले.

"तुमच्या मैदानावर बारा महिने प्रदर्शनी. पोरी काय आकाशपाळण्यात बसून खेळतीन?" शेठ म्हणाले.

तिसऱ्या बैठकीत मूर्तिजापूर कुणापासून किती दूर आहे यावर वाद झाला. अमरावतीचं अंतर अमरावतीपासून मोजायचं की शेजारच्या बडनेरा स्टेशनपासून, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. प्रवेशिका पाठवायच्या शेवटच्या दिवशी सरांनी चाचणी मूर्तिजापूरलाच उरकली, एका शाळेच्या मैदानावर. सकाळी स्वतः खडे वेचले आणि डी आखला. दोरी ओढताना खांबापाशी मयूरी बसली होती. "ताण वं पोरी, ताण."

राज्य स्पर्धेला मी संघाबरोबर गेलो. पहिला सामना आम्ही जिंकलो. आमच्याच लोकांना ते खरं वाटेना. दुसऱ्या सामन्यात एका गोलनं मागे होतो. शेवटच्या काही मिनिटांत उजवीकडून आलेला चेंडू मयूरीनं पळता पळता घेतला आणि मान वर न करता मारला. गोलची फळी खाडकन वाजली. आमच्या मुली नाचल्या. पंचांनी नकाराची खूण केली. चेंडू डीबाहेरून मारला होता. तीन मिनिटांनी पुन्हा तेच झालं. तोच फटका, तोच आवाज, तीच खूण. सामना एक-शून्यनं गेला.

सर पंचांच्या अंगावर धावून गेले. "डोळे हायेत का खिशात ठेवले?" त्यांनी तिथल्या तिथे लेटरहेडवर निषेध लिहिला, शिक्का मारला आणि तो घ्यायला कोणी तयार नसताना आयोजकांच्या टेबलावर ठेवून दिला. मी माझ्या वहीत टिपलं होतं: दोन्ही फटके एकाच जागेवरून, दोन्ही रेघेच्या पाऊलभर बाहेरून. निवड समितीतल्या एकानं मला त्यांचा कागद दाखवला. मयूरीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'वेग उत्तम. डीचे भान नाही.' निवड झाली नाही.

परतीच्या गाडीत मयूरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. अकोला गेल्यावर म्हणाली, "सर, मी आपल्या मैदानावर तिथूनच मारतो. रोज."

"तर मंग!" सर म्हणाले. "त्याहीचंच मैदान चुकलं हाय."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "भाऊ, मैदानावर या. प्रेससमोर मोजू. मंग छापा राज्यवाल्यांचं पितळ." मयूरीनं घरून टेप आणला होता. वावरात ठिबकच्या नळ्या टाकताना वडील वापरत तो, लांब, मातीनं माखलेला. तिनं गोलच्या खांबाला टेप लावला आणि सरांच्या रेघेपर्यंत नेला. रेघ ठरलेल्या मापाच्या पाऊलभर बाहेर होती.

सर म्हणाले, "टेप चायनाचा हाय."

मग त्यांनी दुसऱ्या खांबापासून स्वतः मोजलं. तेवढंच भरलं. मग त्यांनी डिक्कीतून दोरी काढली आणि टेपशेजारी जमिनीवर अंथरली. मूर्तिजापूरच्या फलाटावर सर्वांदेखत बरोबर मापाची कापलेली सुती दोरी. दर हंगामात दोन शहरांत, दोन्ही गोलांपाशी, पूर्ण ताकदीनं ताणलेली. ती वर्षागणिक थोडी थोडी वाढत गेली होती आणि तिच्याबरोबर आमचे डी. हे इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, कारण दोन्ही शहरांचे डी एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. आणि राज्य स्पर्धेत आमचा संघ समोरच्या डीजवळ पोचण्याचा प्रसंगच त्याआधी फारसा आला नव्हता.

सरांनी दोरी तळहात आणि कोपरावर गुंडाळली. नेहमी गुंडाळत तशीच, पण फार हळू. मयूरी म्हणाली, "सर, मी येत्या रविवारी खोली सोडून राहिली."

शनिवारी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. "चला भाऊ. चांदूर बाजार. प्रेस पाह्यजे."

मी सांगितलं, आज माझी साप्ताहिक सुट्टी आहे.

"म्हणूनच तर आलो."

मयूरीच्या घरी अंगणात मेथीच्या जुड्या बांधणं चाललं होतं. वडील उठून उभे राहिले. "काय झालं सर? पोरीनं काही केलं काय?"

"पोरीनं नाई. म्या केलं."

सरांनी दोरीचं एक टोक वडिलांच्या हातात दिलं, पेरूच्या झाडापाशी धरायला सांगितलं आणि स्वतः अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले. "ताणा," ते सवयीनं म्हणाले. मग लगेच म्हणाले, "नाई, नाई. ताणू नका. नुसती धरा."

दोरीशेजारी त्यांचाच टेप लावला. वडिलांना समजावून सांगावं लागलं नाही. मोजमाप त्यांचं रोजचं होतं. ते वाकून बघत राहिले.

"एवढा फरक? सर, ठिबक अशी टाकली तर अर्धं वावर कोरडं राहीन."

"राहीन."

"अन् हे तुमाले इतक्या सालात समजलं नाई?"

"नाई समजलं."

"म्हणजे पोरीचं निशाण चुकलं नवतं."

"तिचं निशाण बरोबर होतं. म्या दाखवली थे रेघच चुकीची होती. इचारा, हे प्रेसवाले हायेत, यायच्या समोर मोजलं."

मी मान डोलावली. तेवढ्यासाठीच मला आणलं होतं. वडिलांनी मेथीच्या ढिगाकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे. दारात थोडं सामान आणि टेप घेऊन आदल्या दिवशी घरी आलेली मयूरी आणि तिची आई उभ्या होत्या.

"चहा ठेव वं," ते म्हणाले. आणि सरांना म्हणाले, "अजून एक साल घ्या. पण हा टेप घेऊन जा."

परत येताना स्कूटरवर, वाऱ्यात मला ऐकू यावं म्हणून सर ओरडून बोलत होते. "भाऊ, हे छापा. दोन ओळी. चूक सचिवाची म्हणून. माह्या नावासकट."

मी लिहिलं. नाव, आडनाव, सगळं बरोबर. संध्याकाळी पानावर जाहिरात आली आणि त्या दोन ओळी गेल्या. दुसऱ्या दिवशीही जागा झाली नाही. तिसऱ्या दिवशी बातमी शिळी झाली होती. सरांनी चौकशीचा फोन केला नाही. ज्या माणसानं छोट्या पिंकीच्या नावासाठी मला चार वेळा फोन केले होते, त्यानं या दोन ओळींसाठी एकही केला नाही. मीही केला नाही.

पुढच्या हंगामापूर्वी, ऐन उन्हाळ्यात, सर गेले. मी गावी होतो. आमच्या पानावर निधनवार्ता आली. सरांचं नाव आमच्या पानावर पहिल्यांदाच छापून आलं होतं. त्यात ते कबड्डी संघटनेचे सचिव असल्याचं लिहिलं होतं. दुरुस्ती मागायला कुणाचाही फोन आला नाही. असले फोन करणारा माणूस एकच होता.

या वर्षी सीनिअर गटाच्या शिबिराची यादी आली. तिच्यात मयूरीचं नाव होतं. मी ते छापलं, आडनावासकट.

ती शिबिराला जायच्या आदल्या सकाळी मी मैदानावर गेलो. प्रदर्शनी उठली होती, खड्ड्यांत माती भरली होती. टेपनं मोजलेली नवी रेघ पांढरीशुभ्र होती. तिच्या पाऊलभर बाहेर जुनी रेघ अजून दिसत होती. इतक्या वर्षांची फक्की मुरमात मुरलेली, पुसून जात नव्हती. मयूरी लहान मुलींना सराव देत होती. एक मुलगी चेंडू घेऊन, मान खाली घालून, सुसाट आली आणि जुन्या रेघेवर तिनं काठी उगारली.

"सरांच्या रेघेवरून नाई वं," मयूरी ओरडली. "अजून एक पाऊल."

मुलीनं एक पाऊल टाकलं आणि मारला.