सरोजाक्कांचं अर्धं वाक्य

चहा गिळून घ्या आधी, मग सांगते. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एका मैत्रिणीच्या नाकात चहा गेला आणि त्याचाही दोष माझ्यावरच आला.

तर काय झालं, मी एका ठणठणीत बाईंना बुधवारी सकाळी साडेदहा वाजता मारलं. हात न लावता, ऑफिसात उभ्या उभ्या, दहा माणसांसमोर प्रेझेंटेशन देताना. आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

माझं काम काय आहे हे माझ्या आईला अजून समजलेलं नाही, त्यामुळे तुम्हालाही थोडक्यातच सांगते. आमची कंपनी ग्राहकांच्या तक्रारी वाचणारं सॉफ्टवेअर बनवते. वाचायचं म्हणजे आधी मजकुराचे तुकडे पाडावे लागतात. अक्षर कुठं संपलं, शब्द कुठं संपला, वाक्य कुठं संपलं. तुम्ही म्हणाल, यात काय आहे? आपल्याला काहीच नाही. पण ‘स्त्री’ लिहा. तुम्हाला-मला एक अक्षर दिसतं, यंत्राला सहा तुकडे दिसतात. शब्द त्या मानानं गरीब, दोघांच्या मध्ये मोकळी जागा असते. खरा वात आणतं ते वाक्य. ‘टिंब आलं की वाक्य संपलं’ असं यंत्राला शिकवलं की ते आमच्या ‘जे. पी. नगर’ची तीन वाक्यं करतं. त्यातलं मधलं तर चक्क आज्ञा देतं, ‘पी.’

म्हणून मी एक यादी केली. डॉ., श्री., सौ., कु., चि., रु., क्र., जे., पी. अशा सगळ्या शब्दांची. यांच्यापुढचं टिंब म्हणजे वाक्याचा शेवट नव्हे. सुट्या अक्षरापुढचंही नव्हे. सहा महिने त्या यादीवर बसले होते. कंपनीकडे आलेल्या मराठी तक्रारींवर ती तपासून पाहिली, एक चूक निघेना. मी हवेत होते म्हणा ना.

आता सरोजाक्का. जे. पी. नगरला मी वरच्या मजल्यावर राहते, खाली घरमालकीण सरोजाक्का. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात. त्यांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी इकडं कन्नड मुलखात आलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड असं मुरलंय की लोणच्यातलं मीठ वेगळं काढता येऊ नये. मी पुण्याची. पहिले दोन महिने त्या ‘थोडं’ या अर्थानं ‘स्वल्प’ म्हणायच्या आणि मी ‘स्वल्पविराम’ समजायचे. पण माणूस फार गोड. मी ऑफिसातून आले की जिन्यातच हातावर काहीतरी ठेवणार.

या अक्कांची धाकटी बहीण विमलाक्का बनशंकरीला राहते. रिक्षानं वीस मिनिटं. आणि दोघींनी चार वर्षं एकमेकींशी शब्द बोललेला नव्हता. कारण काय, तर वडिलांची, अप्पांची, बाजाची पेटी. अप्पा गेल्यावर ती अक्कांकडे राहिली. विमलाक्का म्हणाल्या, लहानपणी अप्पांनी मला शिकवलं, पेटी माझी. अक्का म्हणाल्या, शेवटपर्यंत त्यांना मी सांभाळलं, पेटी माझी. त्यातून शब्द वाढले ते वाढलेच. गंमत म्हणजे अक्कांना पेटी वाजवता येत नाही असं नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी तिचं झाकण उघडलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. माझ्यापुढे उपम्याची बशी ठेवली आणि म्हणाल्या, पेटी विमलला देऊन टाकायची ठरवलंय, तिला तसं कळव. मी म्हटलं, तुम्हीच फोन करा ना. त्यावर त्यांनी माझ्या उपम्यावर आणखी लिंबू पिळलं. मग म्हणाल्या, ‘‘मी केला तर मी वाकले असं होईल. तू तुझ्या नावानं लिही.’’

आणखी एक अट होती. विमल तापट, सगळं एकदम वाचलं तर फोन भिरकावून देईल. तेव्हा एकेक वाक्य पाठव. एक पचलं की दुसरं. ‘‘स्वल्प स्वल्प पाठव,’’ म्हणाल्या.

आता कोणीही शहाण्या माणसानं काय केलं असतं? चार वाक्यं हातानं टाइप करून पाठवली असती. पण माझ्याकडे सहा महिन्यांची तयार यादी होती. मी झोकात एक पत्र लिहिलं, ते माझ्या प्रोग्रामला दिलं आणि सांगितलं, याची वाक्यं पाड आणि उद्या सकाळी दहापासून दर अर्ध्या तासानं एक पाठव. पत्र अक्कांना वाचून दाखवलं. ‘‘सरी,’’ म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. डोळे जरा ओले होते त्यांचे. मीही भारावले होते. तुटलेलं घर सॉफ्टवेअरनं सांधणारी मी पहिलीच, वगैरे.

ते पत्र असं होतं, नीट ऐका:

‘नमस्कार, मी सरोजाक्कांच्या वरच्या मजल्यावर राहते. आपणास कळवण्यास अत्यंत आनंद होतो की सरोजाक्का आता कै. अप्पांची बाजाची पेटी आपल्याकडे पाठवणार आहेत. त्यांच्या मनात आपल्याविषयी काहीही राग नाही.’

बुधवारी सकाळी मी ऑफिसला गेले. साडेदहाला माझं प्रेझेंटेशन होतं, विषय अर्थातच माझा प्रोग्राम. फोन आवाज बंद करून बॅगेत टाकला आणि ‘आता आपलं सॉफ्टवेअर मराठी वाक्य कुठं संपतं ते अचूक ओळखतं’ या वाक्यानं सुरुवात केली.

त्याच मिनिटाला बनशंकरीत विमलाक्कांच्या फोनवर दुसरा मेसेज आला. पुढचं सगळं मला नंतर त्यांच्या भाच्याकडून समजलं. प्रकाश त्याचं नाव, मल्लेश्वरमला राहतो.

मेसेज असा होता: ‘आपणास कळवण्यास अत्यंत आनंद होतो की सरोजाक्का आता कै.’

संपलं. टिंब.

विमलाक्कांनी अक्कांना फोन लावला. एकदा, दोनदा, पाच वेळा. उचलेना कोणी. उचलणार कसं? बुधवारी अक्का देवळात जातात आणि फोन घरी ठेवून जातात, आत वाजला तर बरं दिसत नाही म्हणून. मग त्यांनी मला लावला. माझा बॅगेत. मग त्यांनी प्रकाशला कळवलं आणि होत्या त्या साडीवर रिक्षात बसल्या.

घरी येऊन बघतात तर दाराला कुलूप. म्हणजे नेलंसुद्धा, असं त्यांना वाटलं. तिथंच पायरीवर बसून त्यांनी पदर तोंडाला लावला. चार वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं, असं प्रकाश म्हणाला. तो मेट्रोनं पोचला, तो वाटेत सुचलं म्हणून एक मोठा हार घेऊनच. हार हातात, घराला कुलूप, मावशी रडतेय. काय करावं ते त्याला समजेना, म्हणून फाटकापाशी नुसता उभा राहिला.

आणि समोरून, हातात प्रसादाची पुडी घेऊन, सरोजाक्का चालत आल्या.

प्रकाश हार धरून दोन पावलं मागं सरकला. अक्कांनी त्याच्याकडे बघितलं, हाराकडे बघितलं, पायरीवर रडणाऱ्या बहिणीकडे बघितलं. या घरात माणसं किती? दोन. एक त्या स्वतः, त्या तर चालत आलेल्या. म्हणजे राहिली कोण? वरची मुलगी. मी.

अक्कांनी चपला काढल्या, विमलाक्कांच्या शेजारी पायरीवर बसल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, ‘‘चांगली होती गं. स्वल्प बडबडी होती, पण चांगली होती.’’

विमलाक्कांनी पदर न काढताच मान हलवली. ‘‘होय, अक्का,’’ म्हणाल्या.

सवय हो. सत्तर वर्षांची सवय. मग विमलाक्कांनी पदर खाली घेतला.

बरोबर त्याच वेळी माझं प्रेझेंटेशन संपलं. लोकांनी टाळ्याबिळ्या वाजवल्या. मी फोन काढला तर अनोळखी नंबरचे चौदा मिस्ड कॉल. नंबर विमलाक्कांचा आहे हे लक्षात आलं तसं मला वाटलं, आनंदानं करत असणार. मी हसत हसत फोन लावला. तिकडं प्रकाशनं उचलला आणि सरळ अक्कांच्या हातात दिला.

‘‘कोण?’’

‘‘मी मानसी, अक्का.’’

‘‘तू आहेस?’’

‘‘आहे ना.’’

‘‘मग गेलं कोण?’’

आता या प्रश्नाला ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून काय उत्तर द्यायचं असतं, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, माझ्या माहितीत तरी कोणी नाही. तेवढ्यात फोन दुसऱ्या हातात गेला आणि एक करडा आवाज आला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, पण कोणाचा ते सांगायला लागलं नाही.

‘‘हे तू लिहिलंस?’’ आणि त्यांनी तो मेसेज वाचून दाखवला. हळू, एकेक शब्द सुटा करत. ‘अत्यंत आनंद होतो’वर जरा जास्तच थांबल्या.

‘कै.’ ऐकलं मात्र, माझी यादी डोळ्यांसमोर आली. डॉ. होतं, श्री. होतं, चि. होतं, कै. नव्हतं. आणि ते का नव्हतं हेही तिथल्या तिथं समजलं. मी यादी तपासली होती ग्राहकांच्या तक्रारींवर. मेलेला माणूस तक्रार करत नाही हो! आणि सुट्या अक्षरासाठी केलेला नियम ‘कै’ला मात्रा असल्यामुळे लागू पडला नव्हता. यंत्राच्या हिशेबात ते एक अक्षर नव्हतंच, दोन होती.

हे काही मी विमलाक्कांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, ‘‘मावशी, कृपा करून त्याच्या पुढचा मेसेज वाचा. अकरा वाजता आलेला.’’

त्यांनी तो बघितलाच नव्हता. रिक्षात त्या रडत होत्या. त्यांनी तोही मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ‘‘अप्पांची बाजाची पेटी आपल्याकडे...’’ तिथं आवाज थांबला. मग कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, कोणाचं ते सांगता येणार नाही, आणि फोन बंद झाला.

मी बॉसला पोट दुखतंय असं सांगितलं, ते अगदीच खोटं नव्हतं, आणि घरी निघाले. वाटेत रिक्षात मी माफीची आठ वाक्यं तयार केली. एकाही वाक्यात टिंब येणार नाही याची काळजी घेतली.

घरी पोचले तर खालचं दार उघडं. आत दोघी बहिणी जमिनीवर बसलेल्या, मध्ये पेटी. मला वाटलं समेट झाला. छे. दोघी पुन्हा भांडत होत्या. फक्त आता अक्का म्हणत होत्या, तू घेऊन जा, आणि विमलाक्का म्हणत होत्या, इथंच राहू दे. ‘‘मी गेले असं समजून तू रडलीस, आता पेटी घ्यायला काय झालं?’’ असं अक्का म्हणाल्या. ‘‘तू नव्हतीस तेव्हा मला पेटी नको होती, तू पाहिजे होतीस,’’ असं विमलाक्का तोडून बोलल्या. प्रकाश कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होता. हाराचं काय करायचं हे शेवटी त्यानंच ठरवलं असावं, कारण भिंतीवर अप्पांच्या फोटोला तो घातलेला दिसला. निदान हार तरी बरोबर कै.ला मिळाला होता.

मी दारातच उभी. रिक्षात तयार केलेली आठही वाक्यं गेली कुठं कुणास ठाऊक. अक्कांनी मला बघितलं आणि उठून माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. घटकाभर मी गेले असं त्यांनाही वाटलं होतं ना. तेव्हा मात्र मला रडू आलं.

विमलाक्कांना असलं काही चालत नाही. त्यांनी चाळीस वर्षं दुसरीच्या मुलांना कन्नड शिकवलंय. मला समोर बसवून त्यांनी विचारलं, की हे झालं कसं. मी सांगितलं. अक्षर, शब्द, वाक्य, यादी, कै., सगळं. त्या डोळे बारीक करून ऐकत होत्या.

‘‘म्हणजे वाक्य कुठं संपतं, हे त्या मशीनला तू शिकवतेस?’’

‘‘हो.’’

‘‘कंपनीनं तुला याच कामाला ठेवलंय?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. खोटं का बोला? ‘‘मागच्या महिन्यात बढतीही दिली.’’

त्या बहिणीकडे वळून अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘‘अक्का, पेटी इथंच ठेव. मी शनिवारी शनिवारी येते आणि हिला शिकवते. हिची नोकरी काही फार दिवस राहायची नाही, हातात एखादी कला असू दे.’’

मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या. पण शनिवारी सकाळी नऊला दारावर टकटक झाली, ती गेले पाच महिने चुकलेली नाही. विमलाक्का शिकवतात, अक्का भाता कसा धरायचा यावर त्यांच्याशी वाद घालतात, मी मध्ये बसून ‘सा’ धरते. यादीत ‘कै.’ मी त्याच रात्री घातलं. नोकरी अजून आहे.

परवा विमलाक्कांनी माझा ‘सा’ डोळे मिटून ऐकला. मला वाटलं, आज शाबासकी मिळणार. त्यांनी डोळे उघडले आणि अक्कांना म्हणाल्या, ‘‘बघ, हिला सूर कुठं सोडायचा, तेसुद्धा कळत नाही.’’