काकूंना जिना उतरता येतो का?

देश आपल्या म्हाताऱ्यांना किती सांभाळतो याची मोजणी आमच्या टोकरखाड्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू झाली. आधी पाहुण्यांनी समई पेटवली. मग ज्येष्ठ हे समाजाचे वटवृक्ष कसे, यावर भाषण झालं. ते संपेपर्यंत तीन वटवृक्ष लघवीला जाऊन आले. त्यानंतर एका संस्थेच्या मुली घरोघर फॉर्म भरायला निघाल्या. अशा फॉर्मांवरून आपला देश जगात कितवा, ते ठरतं म्हणे.

आमच्याकडची मुलगी आधी खालच्या फ्लॅटमध्ये गेली. तिथले गृहस्थ धुळ्याकडचे, सगळी नोकरी मिलमध्ये मशीनवर झालेली. मुलगा, सून, नातवंडं सगळी तिथेच. रोज संध्याकाळी खालून भांडणाचा, हसण्याचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज येतो. आमचा मुलगा कॅनडात. त्याचा आवाज रविवारी येतो, तोही अडकत अडकत. चार वर्षं मी या माणसाचा हेवा करतोय. त्याच्या दुखऱ्या पायाचासुद्धा, कारण तो चेपायला कोणीतरी असणार, असं मी धरून चाललो होतो.

मुलगी वर आली तेव्हा डोक्यात एकच होतं, खालच्यांपेक्षा आपलं कमी भरता कामा नये. शिवाय मी धाग्याच्या कारखान्यात क्वालिटीचा प्रमुख होतो. बाहेरून तपासायला माणूस आला की त्याला चहा द्यायचा आणि दोष दाखवायचा नाही, हे हाडात मुरलेलं.

"घरात बोलायला कोणी आहे, काका?"

"भरपूर."

"एकटं वाटतं?"

"वेळ कुठे आहे?"

"काकूंना जिना उतरता येतो का?"

खुब्याच्या ऑपरेशननंतर बायको पाच महिने दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. इमारतीला लिफ्ट नाही.

"आरामात," मी म्हणालो.

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता, हे मुलीला कळलं नाही.

पंधरा दिवसांनी खालच्यांकडे त्याच संस्थेच्या फिजिओथेरपीवाल्या बाई यायला लागल्या. मी गृहस्थांना जिन्यात गाठलं.

"मी खरं ते सांगितलं, साहेब," ते म्हणाले. "पोरगा ड्युटीवरून येतो, मोबाइल बघतो, झोपतो. सुनेला टाइम नाही. ज्याचे मार्क कमी, त्याच्याकडे बाई आधी येते. तुमचं बरं आहे, तुमचे मार्क चांगले!"

हे मी घरी सांगितलं नाही. पण बाल्कनीतून बायकोला सगळं दिसत होतं. एका सकाळी बाई खालच्या गृहस्थांना कंपाउंडमध्ये चालवत होत्या.

"पाय चांगला उचलायला लागलेत हो," ती म्हणाली. "आपल्याकडे का नाही येत या?"

"अशा कामांना वेळ लागतो."

"त्या दिवशी मी आतच होते. माझा खुबा मोडलाय, कान नाही." आणि कठड्याला धरून तिने खाली हाक मारली, "अहो ताई! आमचा फॉर्म खोटा आहे! जरा वर या!"

अख्ख्या सोसायटीनं ऐकलं. खालचे गृहस्थ मान वर करून इतक्या काळजीनं बघत होते की मला त्याचाही राग आला.

बाई आल्या. त्यांनी बायकोला आधी खोलीत चालवून पाहिलं. मग म्हणाल्या, "चला काकू, चार पायऱ्या उतरू." बायकोने एक हात कठड्यावर ठेवला, दुसरा त्यांच्या हातात दिला. इतके महिने मी हात पुढे करत होतो, तेव्हा "आधी तुम्हीच पडाल" म्हणून ती मागे फिरायची. आता अर्ध्या तासाच्या ओळखीवर ती एकेक पायरी उतरत होती. चौथ्या पायरीवर दम घ्यायला थांबली. जिन्याखाली गृहस्थ येऊन उभे होते.

"काय हो, तुम्हाला किती दिवसांनी जमलं?" तिने विचारलं.

"काही नाही वहिनी, पहिला आठवडा रडलो नुसता."

ती हसली. मग दोघांच्या दुखण्यांच्या गप्पा सुरू झाल्या आणि बाईही त्यात सामील झाल्या. मी वर दारात तिची काठी धरून उभा होतो, कोणी मागितलीच तर द्यावी म्हणून.