नूरभाऊंचा डावा डोळा

बल्लारपूरच्या बस स्टँडमागे नूर मोहम्मद यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. ठोकर लागलेल्या गाड्या तिथे येतात आणि काही झालंच नसल्यासारख्या परत जातात. नूरभाऊ एकसष्ट वर्षांचे. मी पंचवीसचा, एम. ए. मराठी. कॉलेजात असताना मी तिथे गाड्यांच्या मागे नावं लिहायला जायचो. तेव्हापासून ते मला मास्तर म्हणतात. मी अजून कुठेच मास्तर झालेलो नाही. आमची दोस्ती मात्र झाली.

नूरभाऊंचं काम रंग जुळवण्याचं. एक दार चेपलं तर रंग त्या एका दारालाच मारायचा असतो, आणि तो बाकीच्या गाडीत मिसळून जायला हवा. सगळ्यांत अवघड पांढरा. प्रत्येक कंपनीचा पांढरा वेगळा. पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा आणखी वेगळा. डब्यातल्या पांढऱ्यात ते कधी निळ्याचा थेंब टाकत, कधी काळ्याचा, कधी पिवळ्याचा. मग पत्र्याच्या तुकड्यावर मारून तो तुकडा गाडीला लावून बघत. सकाळी आठ ते नऊ, सावलीत. ट्यूबलाइटखाली कधीच नाही. आधी समोरच्या कडुनिंबाकडे बघायचे, मग तुकड्याकडे.

"डोळा धुऊन घ्या लागते, मास्तर," म्हणायचे. "नाईतर आधी पाह्यलेला रंग त्यात राह्यते."

ठोकायचं काम लच्छूचं. लच्छू गोंड. वैनगंगा ओलांडून आष्टीच्या पुढे जंगलात त्याचं गाव. सत्तावीस वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. लच्छू चेप डोळ्यांनी शोधत नसे. डोळे मिटायचा, तळव्याखाली पातळ फडकं धरायचा आणि पत्र्यावरून हात फिरवायचा. "चमक फसवते," म्हणायचा. हात थांबला की तिथे खडूची खूण. मला तिथे काही दिसायचं नाही. एकदा मी गंमत म्हणून एक खूण पुसून टाकली. रंग चढल्यावर उन्हात नेमकी तिथेच लाट उमटली. दोन दिवसांचं काम वाया गेलं.

"मास्तरनं कविता केली," लच्छू एवढंच म्हणाला. पुन्हा ठोकायला बसला.

चार वर्षांपूर्वी गोंडपिपरीच्या ललिताबाईंची पांढरी जीप आली. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं आणि मागचं डावं दार आत गेलं. लच्छूने दार सरळ केलं. नूरभाऊंनी रंग मारला. सकाळी आठ वाजता सावलीत उभं राहून म्हणाले, "जुळला."

लच्छू मान तिरपी करून बघत होता. "भाऊ, पिवळं दिसून राह्यलं."

"कुठी?"

"सारं दारच."

नूरभाऊंनी कडुनिंबाकडे पाहिलं, मग दाराकडे. "जुळला हाये. तू आपले हातोडे सांभाळ."

"हातोडे तं सांभाळतोच. तू डोळे दाखव कोणाले तरी."

सहा माणसं उभी होती. चहावाला हसला. त्या हसण्यानेच बिघडलं असावं. नूरभाऊ म्हणाले, "जंगलातल्या माणसाले पांढरं कळते काय? आधी अंगावर पांढरं घाल, मग मले शिकव."

लच्छूने हातोडे पोत्यात गुंडाळले. फडकं खिशात टाकलं. दुपारच्या बसने गेला.

मलाही दार पिवळसर वाटलं होतं. मी बोललो नाही.

त्यानंतर ठोकायला दोन-तीन जण आले, गेले. गाड्याही परत येऊ लागल्या. "शेड लागली नाही," लोक म्हणत. नूरभाऊ म्हणत, मोबाईल पाहून पाहून लोकांचे डोळे गेले. लच्छूचं नाव काढत नसत. पण नवीन माणूस उघड्या डोळ्यांनी पत्रा तपासायला लागला की त्याच्यावर ओरडत.

या जानेवारीत चंद्रपूरला त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी मी गॅरेजवर गेलो. नूरभाऊ काळा चष्मा कपाळावर चढवून खुर्चीत बसले होते. एक डोळा झाकत होते, उघडत होते. मग दुसरा.

"मास्तर, हा कुर्ता कोणत्या रंगाचा?"

"पांढरा."

"उजव्यानं पांढरा. डाव्यानं पाह्यला तं चहा सांडल्यासारखा." त्यांनी पुन्हा डोळे बदलले. "अन् ऑपरेशनच्या आधी दोन्ही डोळ्यांनी पांढराच होता. समजलं काय?"

मला समजलं नाही. मी माझे डोळे आळीपाळीने झाकून पाहिले. दोन्हीकडून तोच कुर्ता. आपल्या दोन डोळ्यांत दोन कुर्ते असू शकतात, आणि ते आपल्याला वर्षानुवर्षं कळत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ते उठले. रंगाचे जुने पत्र्याचे तुकडे त्यांनी जपून ठेवले होते. त्यातला ललिताबाईंच्या जीपचा काढला आणि मूळ रंगाच्या तुकड्याशेजारी धरला. डाव्या डोळ्याने पाहिलं. उजव्याने पाहिलं. तुकडे हळूच खाली ठेवले.

तपासणीच्या दिवशी मी सोबत होतो. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, खरा रंग कोणत्या डोळ्याचा?"

"काका, तुमच्या डाव्या डोळ्याची काच पिवळी पडली आहे. ती निळा रंग आत येऊ देत नाही," डॉक्टर म्हणाले. "उजवीकडे नवी काच आहे. ती येऊ देते. सुरुवातीला जरा जास्तच निळं वाटेल. खरा कोणता हे मी सांगू शकत नाही. बहुतेकांना दिसतो त्याच्या जवळचा उजवा, एवढं सांगतो. डावाही करून टाकू. या मंगळवारी या."

"या नाई. पुढच्या."

बाहेर आल्यावर मी विचारलं, का थांबायचं? ते म्हणाले, "हा डोळा माझा साक्षीदार हाये. लच्छूसमोर उभा केल्याबिगर याले मी हात लावू देणार नाई."

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीवरून आम्ही गोंडपिपरीला गेलो. ललिताबाईंकडे जीप अजून होती. दारही तेच. नूरभाऊंनी एका दिवसासाठी जीप मागितली आणि कारण सांगितलं.

"पिवळं?" ललिताबाई दाराकडे बघत म्हणाल्या. "नूरभाऊ, चार वर्षं झाले यातून खुर्च्या नेऊन राह्यली मी. मले तं ते दारच दिसते. लागते का नाई, एवढंच पाह्यते मी." किल्ली दिली. "सांभाळून जा. डुकरं अजून तशीच हायेत."

जीप मी चालवली. आष्टीचा पूल ओलांडला. पुढे डांबर संपलं. नूरभाऊ वाटभर उजवा डोळा झाकून सागाची झाडं बघत होते, मग डावा झाकून.

लच्छू अंगणात विळा ठोकत बसला होता. जीप पाहून आठ-दहा माणसं जमली. नूरभाऊ उतरले.

"जोहार, लच्छू."

"जोहार." लच्छू उठला नाही. त्याच्या बायकोने, कलाबाईने, खाट टाकली. नूरभाऊ बसले नाहीत.

"तेव्हा सहा जण होते. आज जास्त हायेत, बरं झालं," ते म्हणाले. "लच्छू, तू म्हटलं होतं दार पिवळं हाये. पिवळंच हाये. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता. एक डोळा खोलला तवा दिसलं. तुझं खरं होतं."

लच्छू विळा ठेवून उठला. जीपभोवती एक चक्कर मारली. दारापाशी बराच वेळ उभा राहिला.

"कोणतं पिवळं?"

"हेच. हे सारं दार."

"सारखंच तं हाये, भाऊ."

"चिडवून राह्यला काय?"

"काऊन चिडवू?" लच्छू म्हणाला. "मागच्या साली आष्टीच्या बाजारात हीच जीप उभी होती. मी जवळ जाऊन पाह्यलं. दार सारखं दिसलं. म्हटलं, भाऊचं बरोबर होतं, मीच चार लोकांत त्याच्या डोळ्याले नावं ठेवली. मग कोणत्या तोंडानं येऊ तुझ्याकडं?"

मी जीपला टेकून उभा होतो. सरळ उभा राहिलो. दार तेच होतं. रंग तोच होता. त्या दाराने चार वर्षांत काहीच केलं नव्हतं. आणि इथे ही दोन माणसं उभी होती. ज्याला दिसत नव्हतं त्याला दिसू लागलं होतं, आणि ज्याला दिसलं होतं त्याचं दिसणं गेलं होतं.

"मास्तर, तू सांग," नूरभाऊ म्हणाले.

"पिवळं आहे," मी म्हणालो. "तेव्हाही होतं."

लच्छू माझ्याकडे वळला. "मग तेव्हा काऊन नाई बोलला?"

मी हातातली किल्ली खिशात टाकली.

"याच्या डोळ्याचं काय घेऊन बसले तुमी?" कलाबाई म्हणाली. "तांदूळ निवडाले बसवलं तं तांदूळ फेकते अन् खडे ठेवते. दाताले इचारा माह्या."

माणसं हसली. नूरभाऊ हसले नाहीत. त्यांनी लच्छूची हनुवटी धरून त्याचं तोंड उन्हाकडे वळवलं. बुबुळाच्या मधे काळं असतं तिथे लच्छूच्या डोळ्यात करडं-तपकिरी काही तरी होतं.

"चहा हाये तुझ्या डोळ्यात," नूरभाऊ म्हणाले. "मंगळवारी माझ्यासंगं चंद्रपूरले चाल."

लच्छूने त्यांचा हात बाजूला केला. "दाराचं सोड, भाऊ. दार तुले एक दिसलं, मले एक. पण तू बोलला ते दोघांलेही एकच ऐकू आलं."

हसणं थांबलं.

"हो," नूरभाऊ म्हणाले. त्यांनी काळा चष्मा काढला. ऊन सोसत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी काढला. "बोललो. तुझ्या गावाले बोललो, तुझ्या कपड्याले बोललो. सत्तावीस साल तुझ्या हातानं माझं घर चाललं अन् मी असा बोललो. मोतीबिंदू डोळ्यात होता, जिभेत नव्हता. डोळ्याचं मी डॉक्टरले सांगितलं. हे तुलेच सांगा लागते. मले माफ कर. नाई करशील तं पुढच्या हप्त्यात पुन्हा येतो."

"पेट्रोल कोण देईन?"

"मास्तर."

लच्छू घरात गेला. बाहेर आला तेव्हा हातात फडकं होतं. त्याने डोळे मिटले आणि दारावर तळवा ठेवला. वरून खाली, मग आडवा. हँडलच्या खाली चार बोटांवर हात थांबला. मागे गेला, परत तिथेच आला.

"इथी चेप राह्यली," तो म्हणाला. "माझी."

सगळे वाकले. मीही वाकलो. गुळगुळीत पत्रा, त्यात आमचीच तोंडं. नूरभाऊंनी डावा डोळा झाकून पाहिलं, उजवा झाकून पाहिलं.

"मले तं कोणत्याच डोळ्यानं दिसत नाई."

"दिसणार नाई." लच्छूने फडक्याची घडी घातली. "मंगळवारी किती वाजता?"

तो मंगळवार झाला. नूरभाऊंचा डावा डोळा आता उजव्यासारखा झाला आहे. लच्छूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्याला पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. हातोडे मात्र आधीच आले. गॅरेजच्या भिंतीवर जुन्याच खिळ्यांना लटकले आहेत. लच्छू डोळे मिटूनच काम करतो, त्यामुळे त्याचं काही अडत नाही. रंग लागला की नूरभाऊ त्याला विचारतात, मला विचारतात, चहावाल्यालाही विचारतात. गोंधळ होतो. तरी विचारतात.

ललिताबाईंचा परवा फोन आला. लग्नसराई सुरू होते आहे, तेवढं दार आता रंगवून द्या, म्हणाल्या. नूरभाऊंचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"थांबा बाई," ते म्हणाले. "आधी लच्छूचा डोळा खुलू द्या. त्याले त्याच्या डोळ्यानं ते पिवळं दिसलं पाह्यजे. मग खरवडतो."