टर्बोनं पास केलेलं छप्पर

आमच्या पणजोबांच्या झोपडीचं छप्पर मी स्वतःच्या हातानं शाकारलं आणि ते बैलांनी खाल्लं.

चाकणजवळ आमची जुनी राई आहे. तीन बाजूंना कंपन्यांच्या भिंती, मध्ये आंबे, जांभळं, करवंदाच्या जाळ्या आणि त्यात ही मातीच्या भिंतींची, गवती छपराची झोपडी. गावची पहिली शाळा इथेच भरली. माझे थोरले चुलते, आण्णा, इथेच शिकले (म्हणजे मार खायला यायचे), त्यामुळे वास्तूवर त्यांचं फारसं प्रेम नव्हतं.

त्या पावसाळ्यात छप्पर खचलं आणि आण्णांनी निकाल देऊन टाकला.

"यात्रेला भाऊबंद राईत नैवेद्याला येत्यात. तवर छप्पर झालं तर झालं, न्हाई तर जेसीबी लावतो. गोडाऊनवाला जागंसाठी कवाचा मागं लागलाय."

लहानपणीच्या साऱ्या सुट्ट्या मी त्या झोपडीत लोळून काढल्या होत्या.

"आण्णा, मी शाकारतो."

"तू? तुला चिंचवडच्या फ्लॅटातला पंखा पुसता येत न्हाई."

माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, उसाचं पाचट घाला. माझ्या माहेरी तेच घालतात."

आता मी पडलो कंपनीत क्वालिटीला. मळकट, खरखरीत पाचट माझ्या नजरेला पास होईना. मी शोधून शोधून शाळूचा कडबा आणला. पिवळाधमक, गोडसर वासाचा.

"अहो, हे जनावरांचं खाणं आहे."

"तू क्वालिटी बघ," मी म्हणालो.

यात्रेच्या आदल्या दिवशी काम संपलं. झोपडी अशी नटली की मी तिचे फोटो कंपनीच्या ग्रुपवरही टाकले. तेवढ्यात शेजारचे सोपानदादा आले. त्यांच्या शर्यतीच्या बैलगाड्याचा पंचक्रोशीत दबदबा होता आणि टर्बो हा त्यांचा लाडका बैल.

"भावा, उद्या माझा गाडा पळायचाय. गावात डीजे लागलाय, बैलं बुजत्यात. आजची रात तुझ्या राईत बांधू का?"

"बांधा की. झोपडीच्या खांबालाच बांधा, मजबूत आहे." (दावं जरा लांब सोडा, हेही मीच सांगितलं.)

सकाळी जाऊन बघतो तर झोपडीच्या एका बाजूला नुसते बांबू. टर्बो आणि त्याचा जोडीदार खाली ओढलेली शेवटची पेंढी वाटून खात होते. सोपानदादांनी कपाळावर हात मारला.

"शर्यतीच्या बैलाला मी पाणीबी मोजून पाजतो, अन् ह्यांनी छप्पर हाणलं! आता पळायचे कसे?"

त्यांचा गाडा गेला, माझी झोपडी गेली. सुनंदानं तिथूनच माहेरी फोन लावून पाचट मागवलं.

आण्णा आले, बांबू बघितले आणि खिशातून फोन काढला. "बरं झालं, जेसीबीला निम्मंच काम उरलं." पण आण्णा पडले गाड्याचे शौकीन. घाटातून, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्टीवरून, शर्यतीचा पुकारा ऐकू आला तसा फोन परत खिशात गेला. "आधी गाडा बघू. पाडायला काय, सांजच्याला पाडू."

मी मान खाली घालून मागे गेलो. सोपानदादांचं नाव पुकारलं तेव्हा माझी बघायचीही हिंमत होईना. आणि बैल सुटले ते असे सुटले की लोकांच्या टोप्या उडाल्या. टर्बोनं घाट मारला, पहिला नंबर घेतला, आणि गुलालात न्हालेले आण्णा लहान पोरासारखे रडायला लागले.

"सोपाना, काय चारलंस रं बैलांना?"

सोपानदादांनी माझ्याकडे बोट केलं. "मी न्हाई, ह्यानं. झोपडीचं छप्पर चारलं."

आण्णा तडक राईत आले. मागे सगळे भाऊबंद. त्यांनी उघड्या बांबूंकडे पाहिलं आणि झोपडीच्या खांबाला मूठभर गुलाल लावला.

"ह्या झोपडीला जो हात लावंल त्याचा हात मोडीन."

"आणि गोडाऊन, आण्णा?" मी विचारलं.

"कसलं गोडाऊन?"

नैवेद्य झाला आणि सगळे भाऊबंद छपरावर चढले. खाली सुनंदा उभी राहून हुकूम सोडत होती आणि वर अर्थातच पाचट चढत होतं. मला इतका आनंद झाला होता की मी तिच्या प्रत्येक हुकमाला मान डोलावत होतो.

एक बाजू मात्र आण्णांनी राखून ठेवली आहे. तिथे दरवर्षी यात्रेआधी कडबाच घालायचा, तोही मीच. आपले बैल तिथे बांधायला गाडामालक आता आधीपासून नंबर लावतात. वर्षभर कंपनीत मी लोकांचा माल तपासतो. यात्रेच्या आदल्या दिवशी टर्बो माझा तपासतो, आणि सांगायला अभिमान वाटतो, त्यानं तो अजून एकदाही रिजेक्ट केलेला नाही.