माझ्या विरोधातला हात
फ्लोअर पॉलिशचा वास आला की मला इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या त्या शाळेचा हॉल आठवतो. तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी मी उभा होतो आणि माझ्या विरोधात होत्या दहा वर्षं मंडळ सांभाळणाऱ्या एक काकू. आदल्या दिवशी माझी बारावीतली मुलगी ग्रीक तत्त्वज्ञांवर निबंध लिहीत बसली होती. "बाबा, जहाज चालवणाऱ्याला वारा कळावा लागतो, मग राज्य करणाऱ्याला काय कळायला हवं, असं ते विचारतात. तुला काय येतं?" "मला भाषण येतं!" मी हसत म्हणालो. "दॅट्स नॉट नॉलेज, बाबा. कोणाची नोकरी गेलीय, कोण एकटं पडलंय, ते काकूंना माहीत असतं." दुसऱ्या दिवशी माझं भाषण रंगलं, टाळ्याही पडल्या. मग हात मोजायला सुरुवात झाली, तेव्हा काकूंच्या बाजूने पहिला हात वर गेला तो नुकत्याच अठराच्या झालेल्या माझ्या मुलीचा, तोही माझ्याकडे सरळ बघत. मी निवडून आलो आणि आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. बाबा दुखावले, असं ती आजही समजते. खरं म्हणजे तो हात बघून माझा ऊर भरून आला होता. पण तसं तिला सांगितलं असतं, तर तिचं म्हणणं खरं मानून खुर्ची सोडावी लागली असती.