लेथवर उस्ताद कोण

काल लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या कपड्यांना मशीन ऑइलचा वास होता, आणि मला डोंबिवलीतलं आमचं घर आठवलं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथवर टर्नर असलेले बाबा पाळीवरून आले की मोरीत कितीही हात घासायचे, तरी तो वास राहायचाच. त्या घरात असतानाच इतिहासातल्या पीएचडीसाठी मला दोन विद्यापीठांनी घेतलेलं. एकाचं नाव मोठं आणि फेलोशिप भरपूर, दुसऱ्याची जेमतेम भागेल एवढी. दोन्ही पत्रांच्या प्रिंट मी बाबांपुढे ठेवल्या. ते आकडेच बघतील असं मला वाटलेलं. चहा संपल्यावर ते म्हणाले, "आम्ही कारखाना बदलताना पगाराच्या आधी विचारायचो, लेथवर उस्ताद कोण. तुला शिकवणार कोण, ते कुठे लिहिलंय?" मोठ्या नावाच्या विद्यापीठाच्या पत्रात ते नव्हतंच. दुसऱ्याच्या शेवटी एका प्राध्यापक बाईंनी माझ्या निबंधावर दोन ओळी लिहिलेल्या, त्यातली एक चूक दाखवणारी. त्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगितल्या. "या बाईंनी काम तपासलंय," एवढंच बाबा म्हणाले. मी तिथे गेले. आता मीच प्राध्यापक आहे, प्रवेशाची पत्रं मी पाठवते, आणि प्रत्येकाच्या शेवटी निबंधातली एखादी चूक दाखवते. घरी ते पत्र कोणाच्या हातात पडेल, सांगता येत नाही.