शुभारंभ तुमच्याच हातानं

वायरमनच्या पिशवीत तळाशी वायरीचे तुकडे साठत जातात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या ट्रेनिंगच्या बॅचच्या किश्श्यांचं तसंच झालंय. एक काढायला हात घालावा, तर चार गुंतून वर येतात.

आज हात घातला, त्याला कारण एक काळजी. गेल्या महिन्यात एका रात्री मी टक्क जागी होते. शेजारी माझी लेक मीरा पाय माझ्या पोटात रुतवून झोपलेली, पलीकडे नवरा घोरत होता. तशा मला काळज्या नव्या नाहीत. कोणाच्या तरी किचनमधल्या सॉकेटचा स्क्रू आपण नीट आवळला होता ना? त्या घरातलं बाळ रांगायला लागलं असेल का? ह्या काळज्यांची मला इतकी सवय आहे, की त्या मोजता मोजता झोप लागते. ही मात्र वेगळी होती.

माझं बघून मीरापण घाबरट झाली तर?

कारण मी इलेक्ट्रिशियन आहे आणि मला करंटची भीती वाटते. हसा, हसा! सगळेच हसतात.

*

मग ह्या धंद्यात आलीस कशाला, असं कोणीही विचारेल. त्याचं उत्तर आमच्या हॉलमधल्या पंख्यात आहे.

मी एम.कॉम. अंबडच्या एका कंपनीत ऑफिसात बरी नोकरी होती. कंपनीनं ऑफिस पुण्याला हलवलं आणि मी घरी बसले. त्याच उन्हाळ्यात पंखा गेला. इलेक्ट्रिशियन फोनवर म्हणाला, "ताई, दहा मिनिटांत आलोच!" त्या दहा मिनिटांवर आम्ही अख्खा आठवडा काढला.

खाली कुठलीही बाईक थांबली, की सासूबाई बाल्कनीत धावायच्या. शेवटी तो आला. मला वाटलं, आता ह्याची काही खैर नाही. तर सासूबाईंनी त्याला आधी पाणी दिलं, मग चहा, मग पोहे. वरून विचारलं, "लिंबू पिळू का रे बाळा?"

त्या क्षणी मला कळलं, अख्ख्या नाशिकात एम.कॉम.ची वाट बघत कोणी बाल्कनीत उभं राहत नाही!

रात्री मी निखिलला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं, "मी इलेक्ट्रिशियन होणार."

तो म्हणाला, "तू गॅसचा लायटर डोळे मिटून पेटवतेस, स्नेहल."

*

सातपूरच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये पहिल्या दिवशी मी सुती ड्रेस घालून, केस घट्ट बांधून, नवी कोरी वही घेऊन दारात उभी राहिले. सोनवणे सरांनी चष्म्यावरून बघितलं.

"मॅडम, पालक सभा शनिवारी असते."

"सर, मीच विद्यार्थी आहे."

सर मागच्या बाकाकडे बोट करून म्हणाले, "मग तिकडे बसा. आजचा दिवसच तसला दिसतोय."

मागच्या बाकावर कल्पनाताई होत्या. मखमलाबादच्या. घरची शेवंतीची शेती, दोन मुलं माझ्याहून उंच. विहिरीवरची मोटार सारखी बिघडायची, म्हणून आलेल्या. "तो मोटारवाला लय नखरे करतो गं. म्हणलं, मरू दे, आपणच शिकू."

सरांनी वर्गाला विचारलं, "कोणाला कधी शॉक बसलाय का?"

कल्पनाताई म्हणाल्या, "बसतो की. हात झटकायचा, पुढच्या वाफ्यात जायचं."

सरांच्या हातातला खडू खाली पडला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी 'शॉक' ह्या शब्दालाच बाकाच्या कडेला सरकले होते. सरांनी तिथल्या तिथे आमची जोडी लावली. म्हणाले, "ह्यांना कशाचीच भीती नाही, तुम्हाला सगळ्याचीच आहे. दोघींची सरासरी काढली, तर एक बरा वायरमन निघेल!"

*

सरासरी चांगली निघाली. म्हणजे वायरी मी जोडायच्या, बटण ताईंनी दाबायचं.

माझं काम पक्कं असायचं, हे सरही मानायचे. जोडणी मी मीटर लावून तपासायची, मग परत तपासायची, मग मीटर तपासायची. फक्त पहिल्यांदा चालू करायची वेळ आली, की माझा हात पुढे जायचा नाही. माझे हात ओले असायचे. मला शिंक यायची. मला मीराच्या शाळेचा फोन यायचा, आणि तो घ्यायला मी पार जिन्यापर्यंत जायची.

"ताई, लागला का बल्ब?" मी जिन्यातून विचारायची.

"लागला! ये आता आत, भित्री भागूबाई!"

*

पुढे सर आम्हाला कामांवर पाठवायला लागले. पहिलं काम इंदिरानगरला. मनमाडहून रेल्वेतून रिटायर होऊन आलेले एक काका होते. बेडरूममधलं एक बटण बदलायचं, एवढंच. मी मेन स्विच बंद केला. घरभर फिरून सांगितलं, "मेन बंद केलाय, कोणी हात लावू नका!" मग बोर्ड उघडला, टेस्टर लावला.

टेस्टर पेटला!

मी किंचाळत हॉलमध्ये आले. "काका, मेन बंद आहे आणि आत करंट येतोय!"

काकांनी पेपरमधून मानही वर काढली नाही. "येणारच. इनव्हर्टर आहे ना! चांगलाय, दिवाळीतच घेतला."

"अहो, मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलं कुठं?"

तेव्हापासून कोणाच्याही घरात पाऊल टाकलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला. संक्रांतीला सासूबाई आणि मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवाला गेलो. दारात त्या काकू गुलाबपाणी शिंपडतायत, आणि मी म्हणतेय, "तुमच्याकडे इनव्हर्टर आहे का?"

परतताना सासूबाई म्हणाल्या, "निदान तिळगूळ तरी घ्यायचास आधी."

*

गंगापूर रोडचं घर एकदम चकाचक होतं. दार उघडणाऱ्या मॅडमनी आम्हा दोघींना, आमच्या पिशव्यांना आणि शिडीला नीट न्याहाळलं. आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि तिथूनच सरांना फोन लावला.

"सर, तुम्ही पाठवलेल्या बायका आल्यात हो. पण कामाची माणसं कधी येणार?"

मी लगेच मान खाली घालून टाइल्स मोजायला लागले. कल्पनाताईंनी हात पुढे केला, "द्या बरं जरा," म्हणून फोन घेतला.

"सर, आम्ही आलोय. चहाचं माणूस कधी येणार, तेवढं विचारून सांगा!"

चहा आला. आल्याचा होता.

*

आता माझ्या थोर शोधाबद्दल.

पाथर्डी फाट्याला एका नव्या फ्लॅटचं सगळं वायरिंग आम्ही केलं. शेवटचा दिवस. घरमालक आणि त्यांची बायको बघायला आले, आणि नेमक्या त्याच वेळी कल्पनाताई खाली शेवंतीच्या भावावरून फोनवर कोणाशी तरी भांडत होत्या. मालक म्हणाले, "करा मॅडम चालू!"

माझे हात ओले नव्हते. शिंक येत नव्हती. फोन पण वाजेना.

आणि माझ्या तोंडून निघालं, "छे छे, मी कशी? घर तुमचं! पहिला दिवा घरच्या लक्ष्मीच्याच हातानं लागायला हवा. शुभारंभ तुमच्याच हातानं. आमच्यात तशी पद्धत आहे."

आमच्यात म्हणजे कोणाच्यात, ते मलाही माहीत नव्हतं.

वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. हळदकुंकू निघालं. "बाहेरून लावा वहिनी, बाहेरून! बॉक्सच्या आत नको!" असं ओरडत मी दारापर्यंत मागे सरकले. वहिनींनी बटण दाबलं, हॉल उजळला, टाळ्या झाल्या. मालकांनी तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना आणि मलाही पाठवला. घरी मीरानं तो दहादा बघितला.

आठवडाभरात सरांचा फोन थांबेना. "ती शुभारंभवाली मॅडम पाठवा!" जेल रोडला एकांनी तर गुरुजी बोलावले. गुरुजींनी बोर्डासमोर उभं राहून मला खडसावलं, "मेन स्विच पूर्वेला का नाही घेतला?"

सर नव्या बॅचला सांगायला लागले, "गिऱ्हाइकाशी नातं कसं जोडायचं, ते स्नेहल मॅडमकडून शिका!" मी नम्रपणे खाली बघत होते. खरं काय ते एकट्या कल्पनाताईंना ठाऊक. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "लय हुशार हायेस गं. भीती विकून खाती तू!"

*

मला फार मजा वाटली होती. मग तो रविवार आला.

मी मीराला घेऊन सोसायटीच्या बागेत गेले होते. ती घसरगुंडीवर चढली. वर गेल्यावर तिनं आधी हाताची उलटी बाजू पत्र्याला लावून बघितली, मी बोर्डाला लावते तशी. मग खाली वाकून ओरडली, "सगळे लांब व्हा!" मुलं लांब झाली. मागे शिडीवर रांग लागली. मीरा बसली. उठली. परत हात लावून बघितला.

मग मागे उभ्या असलेल्या आरवला तिनं पुढे घेतलं आणि गोड आवाजात म्हणाली, "शुभारंभ तुझ्या हातानं."

आरव मजेत घसरला. मीरा शिडीनं उतरली.

शेजारच्या बाकावरच्या आया म्हणाल्या, "किती समजूतदार आहे हो तुमची!" मी हसले. आणि त्या रात्री टक्क जागी राहिले. माझ्या केसांची ठेवण उचलली असती, एखादी शिवी उचलली असती तरी चाललं असतं. पोरीनं नेमकी भीती उचलली होती, आणि वर ती लपवायची युक्तीसुद्धा!

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, "सर, पुढच्या कामाचं पहिलं बटण मीच दाबणार."

सर हिरमुसले. "आणि मग शुभारंभाचं काय?"

*

पुढचं काम निघालं नेमकं आमच्याच सोसायटीचं. मुलांना संध्याकाळी अंधारात खेळावं लागतं, म्हणून बागेत खांब आणि दिवे. काम कल्पनाताईंनी आणि मी केलं. माझी कीर्ती सोसायटीत आधीच पोचली होती, त्यामुळे चालू करायच्या दिवशी खुर्च्या मांडल्या होत्या, पेढे होते, आरतीचं ताट होतं. शुभारंभ कोणाच्या हातानं, ह्यावरून महिला मंडळात दुपारीच दोन तट पडले होते. माझ्या सासूबाई येवल्याची पैठणी नेसून पहिल्या रांगेत, चेहऱ्यावर 'मी कशाला, दुसरं कोणी बघा' असा भाव आणून बसल्या होत्या.

सेक्रेटरी काका ताट घेऊन पुढे झाले. "हं स्नेहल, सांग. कोणाच्या हस्ते?"

"माझ्याच," मी म्हणाले.

सासूबाईंनी पदर सारखा केला, तो मला शालजोडीतला मारल्यासारखा वाटला. मी कल्पनाताईंकडे बघितलं. त्या मुद्दाम पार गेटपाशी जाऊन पेढा खात होत्या.

मी बोर्डापाशी गेले. मुलांना मागे केलं. टेस्टर लावला, मीटर लावलं. सगळं बरोबर होतं. मघाशीही बरोबर होतं. हात वर नेला. हात खाली आला. तळवा ड्रेसला पुसला, परत वर नेला, आणि तो तिथेच, बटणापासून वीतभर अंतरावर थांबला. मागे खुर्च्या करकरल्या. कोणीतरी खाकरलं.

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आरवनं विचारलं, "मीरा, तुझी आई दाबत का नाहीये?"

मी डोळे मिटले. आता ही रडणार, नाहीतर पळत येऊन माझ्या पायांना मिठी मारणार, असं मला वाटलं.

मीरा त्याला म्हणाली, "थांब ना. आधी ती घाबरते. घाबरून झालं की लाईट लागते."